नाव, गाव आणि बापाचा धंदा

मंडईचे दिवस आले की गोंदिया जिल्ह्यातल्या गावांचे चौक रंगीत होतात. पानठेल्याच्या फळीवर, विजेच्या खांबावर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नाटकांची पोस्टरे चिकटतात. भाऊबीजेच्या सुमारास सुरू झालेला हा मोसम होळीपर्यंत चालतो, कधी त्याच्याही पुढे. दिवसा मंडई आणि दंडार, रात्री उशिरा नाटक, आणि पहाट होता होता शेवटचा पडदा. पोस्टरवर नाटकाचे नाव मोठ्या अक्षरात असते. त्याखाली कंपनीचे नाव, बहुधा देसाईगंज-वडशाच्या एखाद्या कंपनीचे. त्याखाली नटनट्यांचे फोटो आणि नावे, आणि अगदी तळाशी ऑर्गन, तबला वाजवणाऱ्यांची नावे. ही नावे कलावंतांनी आपण होऊन दिलेली असतात. एखाद्याचे नाव छापायचे राहिले तर तो भांडायला येतो.

माझ्या कपाटात चार वह्या आहेत. त्यांतही यातल्याच काही माणसांची नावे आहेत, पण ती पोस्टरवरच्यासारखी नाहीत. प्रत्येक नावापुढे गाव, वडिलांचा धंदा, जात किंवा बिरादरी, शिक्षण, एका प्रयोगाचे मानधन, पावसाळ्यातले काम असे रकाने आहेत. शिवाय समासात बारीक अक्षरात मी बरेच काही लिहून ठेवले आहे. झाडीपट्टीच्या रंगभूमीत कोणत्या घरांतली माणसे येतात आणि रंगभूमी त्यांना त्यांच्या बापापेक्षा वरच्या पायरीवर नेते का, हे मला पाहायचे होते. काम अर्धवट राहिले, वह्या राहिल्या. आता एक विद्यार्थिनी म्हणते, "सर, सगळे संगणकावर घेऊ या." तिला हो म्हणण्यापूर्वी मला थोडे मागे जाऊन पाहावेसे वाटले. कलावंताविषयीची माहिती आपल्याकडे आजवर कोणी गोळा केली, कशासाठी केली आणि कोणाला विचारून केली?

सुरुवात कलावंताने स्वतः सांगितलेल्या माहितीपासून करायला हवी. शाहिरी कवनाच्या शेवटच्या चरणात कवीची नाममुद्रा येते. कवी आपले नाव सांगतो, पुष्कळदा गुरूचे सांगतो, गावाचे सांगतो. विदर्भातल्या खडी गंमतीतही फड कलगीचा की तुऱ्याचा हे आधी कळले पाहिजे. कलगी-तुऱ्याच्या परंपरेची कथा सांगताना तुकनगीर गोसावी आणि शाहअली फकीर अशी दोन नावे घेतात. तुरा शिवाचा, तुकनगिराचा, आणि कलगी शक्तीची, शाहअलीची. कथा कितपत ऐतिहासिक आहे याचा वाद बाजूला ठेवू. परंपरेला आपल्या मुळाशी एक गोसावी आणि एक फकीर असावा असे वाटले, हाही इतिहासच आहे. पेशवाईच्या उत्तरकाळातला सगनभाऊ मुसलमान होता, शिकलगारी करणारा होता, आणि तो होनाजीच्या तोडीचा लावणीकार होता. त्याचे नाव आपल्यापर्यंत आले ते त्याच्याच नाममुद्रेतून. जे सांगायचे तेवढेच त्याने सांगितले. बाकीचे आपल्याला ठाऊक नाही, आणि त्याचा हक्कच तसा होता असे मला वाटते.

पुढे माहिती विचारणारा माणूस बदलला. तो सरकारकडून येऊ लागला.

त्या वेळी गोंदिया भंडारा जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. मध्य प्रांताच्या या कोपऱ्यात जनगणनेचा प्रगणक, जमाबंदीचा कारकून आणि शाळा तपासनीस हेच माहिती जमवणारे. १९११ च्या जनगणनेत धंद्यांची वर्गवारी करताना गायक, वादक, नट, नर्तक यांना विद्या, कला आणि शास्त्रे यांच्या वर्गात बसवले होते. कागदावर हा मान मोठाच. पण सरकारची जनगणना धंदा मोजत होती आणि सरकारचे मानववंशशास्त्र जात मोजत होते. या दुसऱ्या वहीत त्याच माणसांची जागा फार वेगळी होती.

ती दुसरी वही म्हणजे रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ. १९१६ साली लंडनहून निघाला. रॉबर्ट वेन रसेल हा १९०१ च्या जनगणनेचा या प्रांतातला अधीक्षक; रायबहादूर हिरालाल कटनीकडचे, एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर, अत्यंत विद्वान गृहस्थ. ग्रंथ छापून झालेला रसेलला पाहता आला नाही. डिसेंबर १९१५ मध्ये भूमध्य समुद्रात 'पर्शिया' ही आगबोट जर्मन पाणबुडीने बुडवली, तीत तो गेला. आजही झाडीपट्टीतल्या पोवार, कोहळी, कोष्टी, ढिवर अशा कोणत्याही समाजाविषयी कोणी लिहायला बसला की रसेल-हिरालाल उघडावेच लागतात. मीही उघडतो. त्यांचे श्रम नाकारण्यात अर्थ नाही.

पण हे खंड माहिती हाताळण्याच्या दृष्टीने वाचले की एक गोष्ट डोळ्यात भरते. लेखाच्या तळटीपेत आभार असतात. अमुक तहसीलदार, अमुक शाळा तपासनीस, अमुक वकील यांनी पाठवलेल्या टिपणांवर हा लेख आधारलेला आहे, असे नावानिशी सांगितलेले असते. ज्याने कळवले त्याचे नाव आहे. ज्याच्याविषयी कळवले त्याचे नाही. कोणा एका कोष्ट्याला, एका पिंजाऱ्याला बसवून विचारले असेल, पण तो कोण हे कळत नाही. वरवर पाहता आजच्या संशोधकाला हे पसंत पडावे. नाव लपवले की झाले! प्रत्यक्षात झाले उलटेच. एकाचे नाव लपले आणि त्याच्या जातीचे नाव उघडे पडले.

आपल्या वाचकांनी या ग्रंथातले तीन लेख तरी पाहावेत: बहना म्हणजे पिंजारी, मिरासी आणि भांड. पहिला कापूस पिंजणारा, दुसरा गवई आणि वंशावळी सांगणारा, तिसरा नकला करणारा. तिघेही बहुतांशी मुसलमान. पिंजाऱ्याच्या लेखात त्याचे लग्नविधी, त्यातल्या हिंदू चालीरीती यांची बारकाईने नोंद आहे आणि जोडीला त्याच्या भित्रेपणाच्या टिंगलीच्या गोष्टीही आहेत. शेजाऱ्यांनी शेजाऱ्याची केलेली चेष्टा सरकारी ग्रंथात गेली की तिला स्वभाववर्णनाचे रूप येते. चावडीवरची चेष्टा दुसऱ्या दिवशी विसरली जाते. छापलेली शंभर वर्षे टिकते. ज्या पिंजाऱ्याने त्या तहसीलदाराला आपल्या घरच्या रीती सांगितल्या असतील, त्याला हे सर्व कोठे जाणार आहे याची कल्पना कोणी दिली असेल असे वाटत नाही.

आणि ही मोठी सभ्य वही. याहून वाईट वही पोलीस ठाण्यात होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींची नोंदणी करायला सुरुवात केली. १९११ आणि १९२४ मध्ये तो कायदा सुधारून देशभर ताणला गेला. आपल्यातले छप्परबंद याच वहीत अडकले. फिरून कसरती करणारे, नाच-गाणे करून पोट भरणारे समाज तर संशयाच्या नजरेतून क्वचितच सुटले, कारण ज्याला ठावठिकाणा नाही तो कलावंत नसून भामटा असणार ही त्या कायद्यामागची समजूत. १८७१ च्या कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांविषयी होता. त्यात नोंदलेल्या माणसाने बाईच्या वेषात रस्त्यावर दिसणे, नाचणे, वाजवणे हाच गुन्हा होता. तो भाग वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबात अमलात आला, इकडे दंडारीत लुगडे नेसणाऱ्या नाच्याला त्याची झळ बसली नाही. पण नुसते नोंदवहीत नाव आहे म्हणून कला गुन्हा ठरते हे कायद्याने एकदा करून दाखवले होते. तो कायदा गेला १९५२ मध्ये. वहीतली नावे मात्र त्या त्या जमातींच्या अंगावर राहिली, 'विमुक्त' हा शब्द त्याचीच खूण.

त्याच काळातले ग्रिअर्सनचे भाषा सर्वेक्षण याबाबतीत मला थोडे निरुपद्रवी वाटते. मराठीचा खंड १९०५ चा. बोलींचे नमुने घेताना बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट सर्वांकडून आपापल्या बोलीत करवून घेतली होती. सगळे एकच गोष्ट सांगणार, म्हणजे कोणाच्या घरची गोष्ट बाहेर येण्याचा प्रश्न नाही. बोलींची तुलना सोपी व्हावी एवढाच त्यामागचा हेतू होता, पण परिणाम चांगला झाला. मात्र दुसरा नमुना म्हणून सर्वेक्षणात काही ठिकाणी चक्क आरोपीचा जबाब दिलेला आहे. हातात आलेला कागद वापरायचा, ज्याचा कागद त्याला कोण विचारतो! ही सवय सरकारपुरती राहिली नाही. आम्हा प्राध्यापकांतही ती आहे.

स्वातंत्र्यानंतर निदान जनगणनेला कायद्याचे कुलूप लागले. १९४८ च्या जनगणना अधिनियमाच्या १५ व्या कलमाप्रमाणे कोणा एका व्यक्तीची नोंद कोणालाही पाहता येत नाही, ती कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. ही तरतूद आपल्याकडे किती कमी लोकांना ठाऊक आहे! प्रगणक दारात आला की अजूनही मोहल्ल्यात कुजबुज सुरू होते. भीतीला कारणे आहेत, पण जनगणनेचा हा गुण मान्य केला पाहिजे. जातीची गणना १९३१ नंतर सर्वांसाठी अशी झाली नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने ती पुन्हा करायचे ठरवले, आणि २०२७ च्या जनगणनेत तो रकाना येणार. पिंजाऱ्याने त्यात काय सांगावे, मुसलमान एवढेच की पिंजारी, यावर आपल्या बिरादऱ्यांत खल चालला तर नवल नाही.

संशोधकांनी जी पद्धत स्वीकारली ती खोट्या नावांची. एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहिले आणि त्याला त्यांनी रामपुरा म्हटले. १९७० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला त्यांची टिपणे जाळपोळीत सापडली आणि 'द रिमेम्बर्ड व्हिलेज' हे पुस्तक त्यांनी पुष्कळसे आठवणीतून लिहिले. ते निघाले १९७६ मध्ये. मला कधी कधी वाटते, संशोधकाच्या वह्या जळणे हे गावाच्या दृष्टीने इतके वाईटही नसावे. श्रीनिवासांना ते फार लागले होते, तेव्हा हे हलक्याने घेण्यासारखे नाही. पण जे आठवणीत राहिले ते माणसांचे स्वभाव, आणि जे जळाले त्यात घराघरांचे आकडे होते.

खोटे नाव पुरते का? अमेरिकेत विडिच आणि बेन्समन या दोघांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका लहान गावावर १९५८ मध्ये पुस्तक लिहिले. गावाला 'स्प्रिंगडेल' असे टोपणनाव दिले, माणसांनाही दिली. बाहेरच्या वाचकाला काही कळण्यासारखे नव्हते. गावाला सगळे कळले. चार जुलैच्या मिरवणुकीत गावकरी मुखवटे घालून, पुस्तकातली टोपणनावे अंगावर लावून निघाले आणि मागच्या शेणखताच्या गाडीवर लेखकाचा पुतळा. अशी वरात आपल्याकडे निघाली नाही म्हणून आपण शहाणे असे नाही. आपल्याकडे ज्याच्यावर लिहिले त्याच्यापर्यंत पुस्तक पोचत नाही, एवढाच फरक.

आता हे झाडीपट्टीला लावून पाहा. कंपनीचे नाव काढले, गावाचे नाव काढले, माणसाचे नाव काढले, आणि लिहिले की अर्जुनी मोरगावकडच्या भागातला, मुसलमान, साठीचा, ऑर्गन वाजवणारा एक कलावंत. वडशातल्या कोणत्याही चहाच्या टपरीवर एवढे वाक्य वाचून दाखवा. चहा यायच्या आत नाव सांगतील. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत हजार माणसांत एक लपतो. चार जिल्ह्यांच्या रंगभूमीत तो लपत नाही. आणि अल्पसंख्य असेल तर मुळीच नाही. एखाद्या कंपनीत मुसलमान एकच असेल, तर त्याचा धर्म लिहिणे म्हणजे त्याचे नाव लिहिणे.

मग धर्म, जात लिहूच नये का? तसेही म्हणता येत नाही. २००५ मध्ये न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांची समिती नेमली गेली, नोव्हेंबर २००६ मध्ये तिचा अहवाल आला. त्यापूर्वी कोणी मुसलमानांच्या मागासलेपणाविषयी बोलले की पुरावा मागितला जाई आणि पुरावा नसे. समितीने मोजले म्हणून पुरावा झाला. विडी आणि कापडाच्या कामांत मुसलमान मजूर किती दाटले आहेत ते त्यात दिसले. गोंदियाच्या माणसाला विडीचे सांगायला समिती लागत नाही, पण दिल्लीला लागते. त्याच समितीने सैन्यातल्या मुसलमानांची संख्या मागितली तेव्हा २००६ च्या सुरुवातीला केवढे वादळ उठले हे आठवावे. तिथे एकाही माणसाचे नाव मागितले नव्हते. मोजू नका म्हणणारे पुष्कळदा माणसाचे खासगीपण राखत नसतात, आपली सोय राखत असतात. कलाक्षेत्राची तर अशी गणती कोणी केलेलीच नाही. अमर शेख आपले होते, सगनभाऊ आपला होता, हे व्यासपीठावर म्हणणे सोपे. आज मराठी रंगभूमीवर पिंजाऱ्याचा, फकिराचा, अत्ताराचा मुलगा कोणत्या वाटेने येतो आणि कोठे अडतो हे विचारले की आम्ही गप्प.

इंग्लंडात या विषयावर आता बरेच काम होते. तिथल्या सोशल मोबिलिटी कमिशनने २०२१ मध्ये कला आणि करमणूक उद्योगांसाठी एक मार्गदर्शिका काढली. त्यांचा मुख्य प्रश्न साधा आहे: तुम्ही साधारण चौदा वर्षांचे असताना तुमच्या घरातला मुख्य कमावता माणूस काय काम करीत होता? उत्तरावरून वर्ग ठरवायचा. प्रश्न उत्तम आहे, मीही माझ्या वह्यांत जवळपास तोच विचारला होता. पण त्यांच्याकडे हा वर्गाचा प्रश्न, आपल्याकडे तो जातीचा. "वडील काय करायचे?" असे विचारले आणि समोरचा म्हणाला "गाद्या भरायचे", "बांगड्या विकायचे", "तलावावर मासे धरायचे", की संपले. त्याने पिंजारी, मणियार, ढिवर हे शब्द उच्चारले नाहीत तरी मी ते ऐकले. मी जात विचारली नाही असे मला प्रामाणिकपणे म्हणता येईल, आणि तरी ती माझ्या वहीत आहे.

कायद्यानेही हे ओळखले होते, आणि मग सोडून दिले. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला. २०१८ मध्ये न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने जो मसुदा दिला त्यात जात-जमात आणि धर्मश्रद्धा यांना संवेदनशील माहितीच्या यादीत घातले होते, अशा माहितीला जास्तीचे संरक्षण होते. २०१९ च्या विधेयकातही ती यादी होती. ते विधेयक २०२२ मध्ये मागे घेतले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये जो डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम झाला त्यात अशी वेगळी यादीच नाही. माणसाचा फोन नंबर आणि माणसाची जात एकाच पंक्तीत. २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम निघाले; मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या. संशोधनाला, दप्तरे जपण्याला आणि संख्याशास्त्राला या कायद्यात सूट आहे. अट अशी की त्या माहितीवरून त्या विशिष्ट माणसाविषयी कोणताही निर्णय घ्यायचा नाही आणि नियमांत दिलेली मानके पाळायची, म्हणजे लागते तेवढीच माहिती घ्यायची, लागते तोवरच ठेवायची, सांभाळून ठेवायची.

यातली आणखी एक गंमत वह्यांशी संबंधित आहे. हा कायदा डिजिटल माहितीचा. कपाटातली वही त्याच्या कक्षेबाहेर. विद्यार्थिनीने ती स्कॅन केली की त्या क्षणी ती कायद्याच्या आत येते. म्हणजे कुलूप नसलेल्या कपाटातल्या, कोणीही उघडावी अशा वहीला कायदा विचारत नाही. आणि पोस्टरवरची नावे? माणसाने स्वतःच जाहीर केलेली माहिती कायद्यातून वगळलेली आहे. सगनभाऊची नाममुद्रा तशीच सुटली असती. पिंजाऱ्यावरचा रसेलचा लेख? त्यात कोणा एकाचे नावच नाही, तेव्हा त्या लेखाने दुखावलेला अख्खा समाज कायद्याच्या दृष्टीने तिथे उपस्थितच नाही. कायदा व्यक्तीला ओळखतो, बिरादरीला नाही.

वह्यांतल्या दोन पानांविषयी सांगतो, बाकीची राहू द्या.

एक पान एका नटीचे. नागविदर्भातल्या फिरस्त्या घरातली, आई आणि मावशी दोघीही पूर्वी नाचगाण्याच्या फडात. ती स्वतः झाडीपट्टीत नायिकेची कामे करीत होती, मुलीला वसतिगृहात ठेवून शिकवीत होती. तिने मला सगळे सांगितले, मग रंगाचा डबा बंद करता करता म्हणाली, "सर, आईचं लिहू नका. माझं लिहा." मी मान हलवली. आईचे मी आधीच लिहून घेतले होते आणि ते खोडले नाही. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ मध्ये आले तेव्हा मी ते एका बैठकीत वाचले होते. वर येण्याची तशी कथा मराठीत दुसरी क्वचितच असेल. त्यांनी नावात आईचे नाव लावले, उघडपणे. पण मुलाला आईचे नाव सांगण्याचा जो हक्क, तो ऐकणाऱ्या संशोधकाला नाही, ही गोष्ट मला त्या वेळी सुचली नाही. आणि शास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर अडचण अशी की आई काय करीत होती हेच तिच्या वाटचालीचे मुख्य माप. ते काढले तर ती कोठून कोठे आली हे सांगताच येत नाही.

मध्यंतरी मी त्या पानावर शाई फिरवायला बसलो. आधी नाव झाकले, मग गाव. मग लक्षात आले की कंपनी आणि भूमिका राहिली तरी ओळख पटते, म्हणून तीही झाकली. मग मुलीच्या वसतिगृहाचे गाव. शेवटी पानावर उरले वय, शिक्षण आणि पावसाळ्यात धानाच्या रोवणीला जाते हे वाक्य. झाडीपट्टीतल्या निम्म्या बायकांना ते लागू पडेल.

दुसरे पान ऑर्गन वाजवणाऱ्या चाचांचे. हा माणूस अगदी उलट. मी टोपणनावाचे समजावून सांगू लागलो तर चिडले. "चाळीस वर्षं पोस्टरच्या खाली बारीक अक्षरात नाव आलं. तुमच्या किताबात तेही नको? नाव लिहा, गावासकट लिहा." त्यांचे म्हणणे नुसते हौसेचे नव्हते. महाराष्ट्रात वृद्ध साहित्यिक-कलावंतांना मानधन देण्याची योजना १९५४-५५ पासून आहे. आता ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालते आणि २०२४ पासून मानधन महिना ५००० रुपये झाले. अर्जाला वयाचा दाखला लागतो, उत्पन्नाचा लागतो आणि कलेची सेवा केल्याचे पुरावे लागतात. रंगमंचाच्या पुढच्या बाजूला उभा राहणारा नट फोटोत असतो. खाली खड्ड्यात बसून रात्रभर सूर धरणारा वादक फोटोत नसतो. त्याच्याजवळ पोस्टर, नाहीतर कोणीतरी छापलेले नाव. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा साऱ्या झाडीपट्टीला आनंद झाला, चाचांनाही झाला. त्यांनी मला फोन करून विचारले, "आमचं कधी छापता?"

अशा माणसाचे नाव त्याच्या भल्यासाठी म्हणून लपवणे मला उद्धटपणाचे वाटते. रसेलच्या तळटीपेत तहसीलदाराचे नाव होते आणि पिंजाऱ्याचे नव्हते. माझ्या पुस्तकाच्या वेष्टनावर माझे नाव असेल आणि आत 'एक वादक' असेल, तर शंभर वर्षांत काय बदलले?

चाचांच्या पानावर 'वडिलांचा धंदा' या रकान्यात 'पिंजारी, गाद्या भरणे' असे लिहिले आहे. पहिल्या भेटीत त्यांनी 'शेती' सांगितले होते. तिसऱ्या भेटीत हसत हसत खरे सांगितले, आणि चारचौघांत बोलू नका म्हणाले. पुढे काही वर्षांनी त्यांचा नातू बारावी झाला. प्रवेशासाठी इतर मागासवर्गाचा दाखला हवा होता. पिंजारी त्या यादीत आहेत. पण दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात जातीच्या रकान्यात शिक्षकाने नुसते 'मुसलमान' लिहून ठेवले होते. आपल्यातल्या किती घरांची ही अडचण आहे हे वाचकांना सांगायला नको. जे लपवण्यात अर्धे आयुष्य गेले तेच आता सिद्ध करायचे होते.

चाचा नातवाला घेऊन माझ्याकडे आले. "तुमच्या वहीत मी सांगितलेलं आहे. ते पान द्या." मी म्हटले, "चाचा, ते तुम्हीच सांगितलेलं, मी लिहिलेलं. सरकार ते मानणार नाही." तरी त्यांनी झेरॉक्स करून घेतली. सेतू केंद्रात कोणी मानली नाहीच. नातवाने खुल्या जागेतून प्रवेश घेतला. परवा भेटले तेव्हा ती झेरॉक्स त्यांच्या पोस्टरांच्या पिशवीतच होती, घड्यांवर फाटत आलेली. त्यांनी मूळ पानाची चौकशी केली आणि ते नीट ठेवायला बजावले.

विद्यार्थिनीला मी सध्या थांबायला सांगितले आहे. चाचांचे पान तिने घ्यावे, नावासकट. नटीचा पत्ता बदलला आहे. तिची मुलगी नोकरीला लागली असे कळले, पण तिच्यामार्फत निरोप धाडायचा नाही, कारण आईने मला काय सांगितले हे मुलीला ठाऊक आहे की नाही ते मला माहीत नाही. तिला गाठून ती पान फाड म्हणाली तर फाडायचे. बाकी एकोणचाळीस जणांकडे वही घेऊन एकेक करून जायचे आहे. मोसमात ही माणसे घरी सापडत नाहीत, तेव्हा होळीनंतर निघेन.